गल्ल्यांचं शहर, पेठांचं शहर

१८१९ साली धुळ्यात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. गाव लहान, आणि जे होतं तेही नव्याने उभं राहिलेलं. सोळा वर्षांआधी, १८०३ मध्ये, होळकरी फौजांची लूट आणि त्याच साली पडलेला दुष्काळ अशा दुहेरी तडाख्यात धुळे पार ओस पडलं होतं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी माणसं परत आणून गाव वसवलं, त्याबद्दल इनाम मिळवलं आणि लळिंग-सोनगीर परगण्यांचा कारभार इथूनच हाकला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. नव्या मुलखाचा कारभार पाहायला आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने ठाण्यासाठी हेच गाव निवडलं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पाट, भोवती बागायत, असं गावाचं वर्णन त्याने करून ठेवलं आहे. जानेवारी १८१९ मध्ये त्याला कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळाली. लांबलांबहून कारागीर आणवले गेले. नव्या वस्तीत घर बांधेल त्याला जागा कायमची बिनभाड्याने, आणि वर बांधकामासाठी उचल. १८७२ पर्यंत लोकसंख्या १२,४८९ वर गेली होती. त्याच साली पुराने गावातल्या घरादारांची मोठी नासाडीही केली.

हा सगळा इतिहास धुळ्यात आजही पायी चालत पाहता येतो. नदीकाठचं जुनं धुळे म्हणजे वळणावळणाचे बोळ. तिथून आग्रा रोडच्या अंगाला आलं की रस्ते सरळ होतात, एकमेकांना समांतर धावू लागतात आणि त्यांना नावांऐवजी नंबर पडतात: गल्ली नंबर दोन, तीन, चार, पाच. ज्याला चार नंबरची गल्ली ठाऊक आहे त्याला पाच नंबरची विचारत फिरावं लागत नाही. असंच एडिंबरामध्ये १७६७ साली जेम्स क्रेगने सरळ, समांतर रस्त्यांचं नवं शहर कागदावर आखलं आणि जुन्या, दाटीच्या शहराशेजारी ते उभं राहिलं. आज जगभरातले लोक लेकराबाळांसह ते जुनं आणि नवं शहर पायी बघत हिंडतात. दोन्ही मिळून १९९५ पासून जागतिक वारसायादीत आहेत. धुळ्याचा आवाका लहान आहे, पण जुनं गाव आणि त्याच्या कुशीला आखलेलं नवं गाव ही जोडी इथेही आहे, आणि एका सकाळी दोन्ही पाहून होतात.

धुळ्याची ही आखणी सर विश्वेश्वरय्यांनी केली, असं शहरातले अनेक जण अभिमानाने सांगतात. विश्वेश्वरय्या खानदेशात होते हे खरंच आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर सुरुवातीच्याच काळात त्यांनी दातर्तीजवळ नदी ओलांडून नळाने पाणी नेण्याचं अवघड काम तडीस नेलं. मात्र नव्या वस्तीला सुरुवात झाली ती त्यांच्या जन्माच्या सुमारे चाळीस वर्षं आधी. एका मोठ्या माणसाचं नाव आपल्या गावाला जोडलेलं असावं अशी लोकांची ओढ असते. तिचा मान राखूनही सालं तपासून पाहिली पाहिजेत. हे पुस्तक ते करतं, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकावासा वाटतो.

पुस्तकाचा विषय साधा आहे: खानदेशातली जुनी शहरं घरच्या माणसांसोबत पायी पाहणं. धुळे आणि जळगाव ही त्याची दोन मुख्य ठाणी. अमळनेर, पारोळा, धरणगाव यांच्याही वाटा त्यात आहेत. विषय साधा असला तरी तो मांडण्याची गरज मोठी आहे, कारण या भागात ‘आठे काय शे देखाले?’, म्हणजे ‘इथे बघायला आहे काय?’, हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. पाहुणे आले की गाडी काढून अजिंठ्याला जायचं, मुलांना सुट्ट्या लागल्या की तोरणमाळ, पाटणादेवी, नाहीतर शिर्डी-वणी. हे सगळं पाहण्याजोगंच आहे, पण त्यात आपलं राहतं गाव कधी येत नाही.

आणि याच घरांमधली माणसं आता युरोपात पायी हिंडून येतात. मुलगा म्युनिकला, मुलगी लंडनला, नातवंड बाबागाडीत. आई-वडील तीन महिन्यांसाठी जातात आणि आयुष्यात जेवढे चालले नसतील तेवढे तिथे चालतात. प्रागच्या दगडी रस्त्यांवरून बाबागाडी ढकलतात, रोममध्ये एका चौकातून दुसऱ्या चौकात जातात, पाय दुखले की कारंज्याच्या कठड्यावर टेकतात. तिथली जुनी गावं मोटारींच्या आधीची आहेत, माणसाच्या चालीने बांधलेली आहेत, म्हणून ती चालत पाहिली तरच कळतात, हे त्यांना तिथे उमगतं. जुनं धुळे आणि जुनं जळगावही मोटारींच्या आधीचंच आहे. तिथे उमगलेलं इथे वापरायचं, एवढीच या पुस्तकाची मागणी आहे.

शहर पायी पाहण्याचं एक शास्त्र आहे, आणि त्याला मोठी परंपरा आहे. नवख्या वाचकाला तिची ओळख असली तर पुढची पानं वाचायला सोपी जातील.

रोमचा १७४८ सालचा एक नकाशा प्रसिद्ध आहे. जामबाटिस्टा नोल्ली याने तो वर्षानुवर्षं मोजणी करून तयार केला. खाजगी घरं त्याने गडद छटेत भरली, आणि रस्ते, चौक यांच्याबरोबर चर्चचे आतले भागही मोकळे सोडले. ज्या ज्या ठिकाणी सामान्य माणूस कुणाला न विचारता पाऊल टाकू शकतो ती ती जागा त्या नकाशात पांढरी आहे. शहर चालणाऱ्याच्या नजरेने कसं दिसतं हे त्याआधी इतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. धुळ्या-जळगावचा असा नकाशा काढायला घेतला तर देवळांचे सभामंडप, दर्ग्यांची अंगणं, धर्मशाळांचे चौक आणि घराघरांचे ओटे पांढरे ठेवावे लागतील. ओट्यावर टेकायला परवानगी लागत नाही. निदान परवापर्यंत लागत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मरे आणि जर्मनीतल्या बेडेकर या प्रकाशकांनी खिशात मावणारी मार्गदर्शक पुस्तकं काढली. मरेचं पहिलं १८३६ चं. पाहण्यासारख्या गोष्टींना तारांकित करण्याची पद्धत बेडेकरने रूढ केली. हा झाला पहिला पंथ: यादीचा. काय पाहावं, कोणत्या क्रमाने, किती वेळात. त्याची सोय मोठी, पण यादीत नसलेलं सगळं अदृश्य होतं. त्याच शतकात पॅरिसमध्ये याच्या अगदी उलट वृत्ती जन्माला आली. कुठेही पोचायचं नाही, नुसतं गर्दीत मिसळून भटकायचं आणि शहराला आपल्याशी बोलू द्यायचं. बोदलेरने तिला साहित्यात मानाचं स्थान दिलं, विसाव्या शतकात वाल्टर बेन्यामिनने तिच्यावर चिंतन केलं. भटक्यांचा हा पंथ मोहक आहे, पण तो एकट्या पुरुषाचा पंथ आहे. कडेवर मूल असलेल्या बाईला आणि गुडघेदुखीच्या आजीला त्यात जागा नाही.

तिसरा पंथ पाहणीचा, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध येतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ लग्नानंतर, १८८७ मध्ये, पत्नी ॲनासह एडिंबराच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या मोडकळीला आलेल्या वस्तीत राहायला गेला. सुखवस्तू लोक नव्या शहरात निघून गेले होते, जुन्यात गरिबी आणि घाण उरली होती. या जोडप्याने शेजाऱ्यांना सोबत घेऊन घरं दुरुस्त केली, भिंतींना रंग दिला, रिकाम्या कोपऱ्यांत बागा केल्या. पाडापाडी करण्याआधी गल्लीन् गल्ली पायी पाहा, कोणतं घर तगेल, कोणतं झाड वाचेल, विहीर कुठे आहे ते नोंदवा, आणि मग जेवढं काढणं भागच आहे तेवढंच काढा, ही त्याची रीत. स्वतःच्या मुलांचं पहिलं शिक्षणही त्याने शाळेऐवजी घर, बाग आणि पायी फिरणं यांतून केलं. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, इथल्या कित्येक शहरांच्या पाहण्या केल्या, अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्याच्याच हाताखाली. सरकारी अभियंते रुंद सरळ रस्ते काढण्यासाठी जुन्या वस्त्या कापायला निघत, तेव्हा गेडिस अरुंद बोळांची बाजू घ्यायचा: सावली आणि शेजार या दोन्ही गोष्टी त्याच बोळांनी दिल्या आहेत, हे त्याचं म्हणणं. खानदेशात एप्रिलच्या दुपारी बोळातून चाललेल्या माणसाला हे वेगळं पटवावं लागत नाही.

चौथा पंथ अलीकडचा, आणि तो त्या त्या गल्लीत राहणाऱ्या माणसांचा आहे. जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या शहरांचं खरं जीवन पदपथावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात असतं हे ठासून सांगितलं. त्यांच्या निधनानंतर २००७ मध्ये टोरांटोत त्यांच्या स्मरणार्थ पायी फेऱ्या सुरू झाल्या. तिथे तज्ज्ञ वाट दाखवत नाही, मोहल्ल्यातला कुणीही दाखवतो. भारतात या कल्पनेला महानगरपालिकेचं बळ मिळालं ते अहमदाबादेत. तिथे १९९७ मध्ये काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांमधून, जाणारी रोजची वारसाफेरी सुरू झाली. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अहमदाबाद जागतिक वारसा शहर ठरलं. त्या मानामागे राजकीय इच्छाशक्ती होतीच, पण सकाळी उठून पोळांत चालणाऱ्या सामान्य माणसांनी त्या शहराची स्वतःकडे बघण्याची नजर बदलली होती, हेही खरं.

मराठीत यातलं काहीच नव्हतं असं कुणी समजू नये. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं. पुण्याचं वर्णन ना. वि. जोशींनी १८६८ मध्ये लिहिलं. दोघांनीही आपापलं शहर आळीआळीने, पेठापेठांनी टिपलं. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनी मराठीत लिहिली. युरोपात लेकराला घेऊन गेलेल्या मराठी बाईने लिहिलेलं इतकं जुनं लेखन हाताशी असताना आपण या विषयात नवखे कसे? पुढे पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने युरोप घरोघरी पोचवला, मीना प्रभूंनी लंडन आणि रोम सविस्तर उलगडून दाखवलं. उणीव आहे ती एवढीच, की ही डोळस नजर बाहेरगावी जास्त वापरली गेली. मुंबई-पुण्याला तरी वर्णनकार मिळाले. खानदेशाच्या शहरांची सविस्तर नोंद म्हटली की आजही १८८० च्या इंग्रजी गॅझेटियरच्या बाराव्या खंडाकडेच हात जातो.

मात्र इतिहासासाठी पाय झिजवणाऱ्यांची धुळ्याला उणीव नव्हती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून, अडगळीतून आणि वाण्याच्या रद्दीतून कागद गोळा करत फिरले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले, आणि त्यानंतर लगेचच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली, आणि मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात आणून ठेवली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. शहराबाहेर लळिंगच्या पायथ्याच्या रानात लांडोर बंगला आहे. १९३७ च्या जुलैअखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते, आणि दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक घरच्यांसह तिथे जातात. हे सगळं एका शहराच्या पंचक्रोशीत. शाळेतल्या मुलाला यातली नावं पुस्तकात भेटतात. ती जागा घरापासून किती पावलांवर आहे हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

घरच्यांसोबत चालण्यावर हे पुस्तक एवढा भर का देतं, हे एका दारापाशी उभं राहिलं की समजतं. नंबरांच्या गल्ल्यांमध्ये मधूनच एखादा जुना वाडा उरला आहे. सागाची चौकट, वर गणेशपट्टी, बाजूला दिव्याचा कोनाडा. दार उघडं असलं तर चौकटीमागच्या भिंतीत खोल चौकोनी भोक दिसतं. आठ वर्षांचं मूल त्यात हात घालून बघतं. बापाला ते काय आहे ते सांगता येत नाही. आजी सांगते: तो अडसर सारायचा गाळा. रात्री दार लावलं की भिंतीतून लाकडी अडसर ओढून समोरच्या खाचेत बसवायचा, मग दोन माणसांनी धक्के मारले तरी दार हलत नाही. मग आजी तिथेच ओट्यावर बसते आणि माहेरच्या धाब्याच्या घराचं, ज्वारी साठवायच्या बळदाचं, दरोड्याच्या भीतीने जागून काढलेल्या रात्रींचं सांगू लागते. वास्तुशास्त्राच्या पदवीधराला अडसराचं नाव कळेल, पण ती भीती आजीलाच ठाऊक. आणि भोक दिसलं ते मुलाला, कारण ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. तीन पिढ्या एकत्र चालल्या की एकीला दिसतं ते दुसरी समजावून सांगते. गाडीच्या काचेतून यातलं काहीच दिसत नाही.

जळगावची गोष्ट वेगळी आहे. धुळ्याला आखणीने घडवलं, जळगावला बाजाराने. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगाव त्याची मोठी पेठ झालं. त्याच दशकात रेल्वे आली. मग गिरणी, दाणाबाजार, सराफा. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं ठाणं बनलं. म्हणून जळगाव नंबरांनी सापडत नाही, पेठांनी सापडतं: नवी पेठ, बळीराम पेठ, शनिपेठ, जोशी पेठ, विठ्ठल पेठ. सकाळी साडेसहाला सुभाष चौकातून निघालं की बाजार उघडायच्या आधी दुकानांच्या वरचे मजले दिसतात: लाकडी सज्जे, लोखंडी जाळ्या, रंग उडालेल्या कमानी. नऊनंतर पाट्या आणि गर्दी नजर खाली खेचतात, वरचं जळगाव कुणाला दिसत नाही.

या शहराला पायी फेरी कुणी शिकवायची गरजच नाही, कारण इथे ती दीडशे वर्षं चालू आहे. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीरामाचा रथोत्सव कार्तिकी एकादशीला निघतो. आधीचे दिवस रोज संध्याकाळी वहन निघतं, कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, आणि एकादशीला लाकडी रथ जुन्या गावातून ओढला जातो. रथाला सुकाणू नाही, ब्रेक नाही. चाकापुढे लाकडाची मोगरी लावून तो वळवायचा आणि थांबवायचा. मोगरी लावणारा वाकून चाकाच्या अगदी पुढ्यात चालतो. चाक किती फिरलं, उतार कुठे आहे, समोरच्या दुकानाचा पत्रा किती बाहेर आला आहे, हे सगळं हेरून तो मोगरी सरकवतो आणि क्षणात हात काढून घेतो. काही घरांत ही कला बापाकडून मुलाकडे आली आहे. जुन्या जळगावचा कोणता रस्ता किती रुंद आहे हे त्यांच्याइतकं नगर अभियंत्यालाही ठाऊक नसेल. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, चादर चढवली जाते, मुस्लिम बांधव स्वागत करतात, आणि रथ पुढे निघतो. लहान मुलं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या ओट्यांवर, लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या. कुटुंबासह शहर पाहण्याचा याहून मोठा दिवस जळगावला नाही.

धुळ्यातही अशी एक वाट आहे. १८९५ मध्ये गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीपुढे दंगा झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासून त्या गणपतीला आणि त्या मशिदीलाही ‘खुनी’ हे विशेषण चिकटलं. आज अनंत चतुर्दशीला त्या मानाच्या गणपतीची पालखी टाळ-मृदंगाच्या तालावर, बारा पावली चालत मशिदीसमोर येते, आणि मुस्लिम बांधव फुलं देऊन तिचं स्वागत करतात. धुळ्याने यानंतरही दंगली सोसल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच ही वाट मुलांना दाखवायला हवी, आणि तिथे काय घडलं होतं ते मोठ्यांनी काही न लपवता सांगायला हवं. ज्या फेरीत फक्त कमानी आणि कोरीवकाम दाखवतात, ती फेरी अपुरीच म्हटली पाहिजे.

घाई करण्याचं कारण उघड आहे. वाडे पडत आहेत. एका वाड्याचे आठ वारस, त्यातले पाच पुण्या-मुंबईत. दुरुस्तीला कुणी पैसे घालत नाही आणि जागेला मात्र भाव आहे. कधी रस्ता रुंद होतो आणि ओटा जातो. कधी तळमजल्यावर गाळे निघतात आणि सागाचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. हे थांबवणं एका पुस्तकाला शक्य नाही. कायद्याने काय साधतं हे मुंबईने १९९५ ची वारसा नियमावली करून दाखवलं. खानदेशातल्या शहरांनी त्या दिशेने नेटाने पावलं टाकायला हवीत. पण नियम तिथेच टिकतात जिथे लोकांना त्या वास्तू ओळखीच्या असतात, आणि ओळख पायी जाऊनच होते. वाड्यांइतकीच घाई माणसांची आहे. कोणत्या घरात कोण राहत होतं, कापसाच्या गाड्या कुठे सुटायच्या, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, हे ज्यांना सांगता येतं ते आज ऐंशीच्या पुढे आहेत.

पुस्तकाची रचना या सगळ्या विचारांतून आली आहे. यादीचा पंथ त्याने सोडलेला नाही, कारण नवख्याला नकाशा लागतोच. पण त्याचा खरा कल गेडिसकडे आणि मोहल्ल्यातल्या माणसांकडे आहे. प्रत्येक वाट आजीला झेपेल एवढीच लांब आहे, आणि बसायच्या जागा, पाण्याची सोय, सावली यांच्या खुणा वास्तूंच्या बरोबरीने दिल्या आहेत. वेळेबाबत लेखन ठाम आहे: मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत, आणि तेही पहाटे. भुसावळ-जळगावकडे वैशाखात पारा पंचेचाळीसपुढे जातो, तेव्हा लहान मुलांना घेऊन बोळांत हिंडणं बरं नव्हे. खाण्यालाही पानं दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. भरीत-पुरीच्या वासाशिवाय हिवाळ्यातलं जळगाव अपुरं आहे. खापरावरचे मांडे हातांवर झुलवत मोठे करणारी बाई ज्या मुलाने समोर बसून पाहिली, त्याला ते शहर नकाशाशिवाय आठवतं.

काही वाटा एकमेकींना जोडूनही वाचता येतात. पारोळ्याचा किल्ला १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, आज बाजार त्याच्या अंगाला येऊन भिडला आहे. १८२१ मध्ये ब्रिग्जच्या जिवावर घाला घालण्याचा प्रयत्न इथेच झाला, असं इंग्रजी दप्तर सांगतं, आणि त्यापायी जहागिरदारांचं हे ठाणं खालसा झालं. धुळ्याच्या सरळ गल्ल्या आखल्या जात होत्या तेव्हा तासाभराच्या अंतरावर इंग्रजी राजवटीविषयी काय भावना होती, हे पारोळ्याच्या तटापाशी उभं राहून मुलांना सांगता येतं. अमळनेरला बोरीचं पात्र, सखाराम महाराजांची वाडी, साने गुरुजींनी शिकवलेली शाळा आणि १९१६ मध्ये प्रतापशेठांच्या दातृत्वातून सुरू झालेलं तत्त्वज्ञान मंदिर एका फेरीत बसतं. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने शेतात आणि जात्यावर रचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवल्या आणि १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या संसारातली आणि शेतातली अवजारं तिथे पाहायला मिळतात. आसोद्याची ही लेक ज्या वाटेने सासरी आली तीही पायी चालण्याजोगी आहे, फक्त त्या दिवशी आजीसाठी रिक्षा ठेवावी.

एक मोठं शहर या पुस्तकात नाही, आणि वाचकाला त्याची चुटपुट लागेल. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर हे जुन्या खानदेशचं सर्वांत ऐश्वर्यशाली नगर. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये तिथे येऊन गेला, मुमताज महल १६३१ मध्ये तिथेच वारली, सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारे कुंडी भंडारे आजही उतरून पाहता येतात, आणि तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. आज ते मध्य प्रदेशात मोडतं, पण भुसावळहून रेल्वेने सकाळी निघून रात्री परतता येतं. एका प्रकरणात ते कोंबण्यापेक्षा अजिबात न घेणं लेखकाने पसंत केलं. तापीकाठची ती वाट स्वतंत्र पुस्तकाची आहे, आणि त्यासाठीची पाहणी सुरू झाली आहे.